बार्बेरियन्स ऑफ लेम्युरिया: करिअरचे वाद, रुसलेला जादूगार आणि हॉलची भानगड

तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना गट आठवला. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन गटाने गोष्ट रचत खेळायचा खेळ) सोडून पहिल्यांदाच बार्बेरियन्स ऑफ लेम्युरिया हा त्याच जातीचा, तलवारी-जादूचा खेळ खेळलात. मारामारी सुरू होते न होते तोच संपली, करिअरवरून, म्हणजे पात्राने आधी केलेल्या कामधंद्यावरून, वादावादी झाली, जादूगार झालेला मित्र 'मला काय काय येतं ते पुस्तकात लिहिलेलंच नाही' म्हणून रुसला. वर शेवटी विचारलंत की घरी जागा पुरत नाही, तर हॉल भाड्याने घ्यावा का. हॉलबद्दल मला बरंच बोलायचंय, ते नंतर.

पात्र कसं बनवायचं वगैरे तुम्हाला कळलेलंच आहे, त्यात जात नाही. मी या खेळाची लिजेंडरी आवृत्ती खेळलोय, नंतरच्या मिथिक आवृत्तीत बारीकसारीक फरक आहेत, तेव्हा आपापलं पान उघडून खात्री करा.

करिअरवरून वाद होणारच. दोन फाशांची बेरीज, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा (ताकद, चपळाई वगैरे) अंक, त्यात करिअरचा अंक, 9 किंवा जास्त झाले की काम फत्ते. एकूण +1 असेल तर 36 पैकी 15 वेळा जमतं, +2 असेल तर 21 वेळा. म्हणजे एका अंकाने 42 टक्क्यांचे 58 होतात. एवढा फायदा असल्यावर 'मी खलाशी होतो, कैद्याला बांधताना माझ्या गाठी धरा' असं कोणीही म्हणणार. म्हणू द्या की! फक्त फासे उचलायच्या आधी खेळाडूने एका वाक्यात सांगायचं, हे तू कुठे शिकलास. जीएमला (गेम मास्टर, खेळ चालवणारा) पटलं तर अंक मिळाला, नाही पटलं तर नाही, आणि त्याने त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही. आमच्यातल्या एकीने 'गुलाम' हे करिअर घेतलं तेव्हा सगळे हसले होते. पुढे राजवाड्यात शिरायची वेळ आली, तेव्हा मुदपाकखान्याचं दार कधी उघडं असतं, पखालवाल्यामागून मान खाली घालून कसं चालायचं, पहारेकरी कोणाकडे बघतही नाहीत, हे सगळं तिलाच ठाऊक. आमचा ग्लॅडिएटर बाहेर झुडपात बसून राहिला.

मारामारी लवकर संपते ही तक्रार मला मान्य नाही. किरकोळ शिपाई पटापट आडवे व्हावेत अशीच या खेळाची रचना आहे. मुख्य खलनायकही तसाच पडत असेल तर मात्र तुमचा जीएम त्याचे व्हिलन पॉइंट, म्हणजे अडचणीत नशीब फिरवायचे राखीव अंक, वापरत नाहीये. आणि खेळाडूंनी तसेच आपले पाच हीरो पॉइंट पेन्शनसारखे जपून ठेवू नयेत.

जादूगाराला सांगा, मंत्रांची यादी शोधू नकोस, काय घडवायचंय ते बोल. पहिल्या दर्जाची जादू म्हणजे ढोबळमानाने योग्य साधनं हाताशी असलेला साधा माणूस जे करू शकेल तेवढंच. त्यावरचं काही हवं असेल तर जीएमने किंमत मागायची: दुर्मीळ सामग्री, ठरावीक ग्रहयोग, नाहीतर रक्त. घासाघीस जमली की रुसवा जातो.

आता हॉल. आम्ही पुण्यात एका संस्थेचा छोटा हॉल रविवारी घ्यायचो, नाव घेत नाही. डी अँड डी खेळत होतो तोवर कार्यालयातले गृहस्थ डोकावायचे, टेबलभर पसरलेला नकाशा आणि रंगवलेले पुतळे बघायचे, 'चालू द्या' म्हणून निघून जायचे. मग आम्ही या हलक्याफुलक्या खेळावर आलो. नकाशा गेला, पुतळे गेले, वीस बाजूंचे रंगीत फासे गेले. त्या दिवशी ते आत आले तेव्हा टेबलावर दोन पांढरे फासे होते, आणि नेमकी त्याच वेळी वडापावची वर्गणी गोळा चालली होती. दहा-दहाच्या नोटा, शेजारी फासे, आणि आमच्यातला एक जण ओरडतोय 'बारा! बारा पडले!' आता काय सांगणार?

आधी म्हणाले अर्ज द्या. दिला. मग अर्ज लेटरहेडवर हवा. मग नोंदणीकृत संस्थेचं लेटरहेड हवं. जुगाराचा 1887चा कायदा पैसे किंवा पैज लावण्याबद्दल आहे आणि इथे कोणी काही लावलेलं नाही, असं मी समजावायला गेलो, तर 'कायदा आम्हाला शिकवू नका' हे उत्तर. (मी वकील नाही, यावर विसंबून कोणाशी भांडायला जाऊ नका.) डिपॉझिटचं 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू' झालं आणि ती मीटिंग अजून व्हायचीय. पैशांचं एक वेळ सोडा. चिंचवडहून येणाऱ्या दोघांना आमच्यापैकी कोणाचंच घर सोयीचं नव्हतं, ते सुटले ते सुटलेच, आणि अर्ध्यावर आलेली मोहीम तिथेच राहिली. नियम कळले नाहीत म्हणून आमचा एकही खेळाडू गेला नव्हता, या कार्यालयापायी दोन गेले. अजून चिडचिड होते.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: हॉल घ्यायचाच असेल तर अर्जात नुसतं 'गेम' लिहू नका. 'गटाने गोष्ट रचण्याचा खेळ, फाशांचा वापर, पैशांचा व्यवहार नाही' असं स्पष्ट लिहा आणि त्याच कागदावर सही-शिक्का घ्या. डिपॉझिट कधी परत मिळणार ते पावतीवरच लिहून घ्या. खाण्याची वर्गणी यूपीआयने, तीही आदल्या दिवशी. गरज नसली तरी एखादा नकाशा टेबलावर पसरून ठेवा, तो कार्यालयासाठी. मोबाइलवर फासे टाकायचा पर्याय आहे, पण मला तो बेचव वाटतो.

एक राहिलंच. मोहीम संपल्यावर लूट कशी उधळली हे प्रत्येकाने सांगायचं असतं, त्यावरच अनुभवाचे गुण वाढतात. दमलो म्हणून हा भाग पुढच्या वेळेवर ढकलू नका, पुढच्या वेळी कोणाला काही आठवत नाही. तुमच्या जादूगाराला तिथे सगळ्यात आधी बोलू द्या.