लहान बोटीतून खाडी बघायची तर आधी तिथी बघा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: तासगावहून सत्तरीतले आई-वडील आणि पाचवीतली लेक यांना घेऊन लहान बोटीतून कांदळवन, मगरी, डॉल्फिन, पक्षी बघायचे आहेत, जमलं तर बोटीवरच मुक्काम करायचा आहे, तर दिवाळीच्या सुट्टीत सुंदरबन बरं की कोकण? मी साताऱ्याचा. घाट उतरून खाड्या धुंडाळण्याचा नाद जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीत कोकण करा, सुंदरबन नाताळच्या सुट्टीसाठी ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. वयस्कर माणसं बरोबर असताना तिथली बोट तेव्हा ठरवू नये. डिसेंबर-जानेवारीत पाणी शांत असतं आणि मगरी उन्हाला बाहेर येतात.

आता तिथीचं. खाडीतले प्राणी दिसतात ते ओहोटीला. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात. मग निवट्या हे चिखलातले मासे उड्या मारायला लागतात, खेकडे बिळातून निघतात, त्यांच्यामागे बगळे, तुतारी, खंड्या येतात आणि मगर काठावर चढून पडते. भर भरतीत तीच खाडी रिकामी वाटते. पण अरुंद फाट्यात बोट घालायला पाणी लागतं. म्हणून भरती ओसरायला लागली की आत शिरायचं आणि पाण्याबरोबर हळूहळू बाहेर यायचं, हे सगळ्यात उत्तम.

त्यासाठी कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती पहाटे तीनच्या सुमारास आणि साधारण सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाला. दोन्ही पक्षांत हाच हिशोब. वेळ अंदाजाची आहे, दक्षिण कोकणात भरती याच्या थोडी आधी येते, त्यामुळे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारून पक्की करा. चतुर्थी ते षष्ठी या दिवसांत सकाळचं ऊन, शांत वारा आणि उतरतं पाणी तिन्ही एकत्र मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पाणी उतरायला लागेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं उतरतच नाही. तुमच्या दृष्टीने सोयीचं म्हणजे भाऊबीज द्वितीयेला असते. ती घरी करा आणि चतुर्थीला खाडीवर पोचा.

कुठली खाडी? पहिली चिपळूणची वाशिष्ठी. कराड, पाटण, कुंभार्ली घाट असा रस्ता आहे. आपल्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून याच वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. आपल्या जिल्ह्यांतल्या मुलांनी ही जागा बघायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. इथली मगर तीच, जी तुमच्याकडे भिलवडी-औदुंबरला कृष्णेत दिसते. लेकीला तिथे कांदळवनाच्या काठावर तीच मगर दाखवा. मग मालवण. देवबागला कर्ली नदीच्या मुखापाशी सकाळी डॉल्फिन दिसतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. इंजिनाचा आवाज नसल्याने पक्षी उडत नाहीत, म्हणून मला ही सफर सगळ्यात जास्त आवडते. पांढरी चिप्पी तिथे ओळखून घ्या. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं. कोकणात मुक्काम मात्र घरगुती निवासातच करा.

बोटीवर झोपण्याची हौस सुंदरबनात भागेल. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने हावडा, पुढे गाडीने गोदखाली, तिथून बोट. वन खात्याचा परवाना आणि वाटाड्या सक्तीचा आहे. सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी इथे मनोरे आहेत. तिथली मगर खाऱ्या पाण्यातली, जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी. वाघ दिसेल असं लेकीला सांगू नका, त्याचे ठसे शोधायला सांगा. चिखलातला ठसा पुढच्या भरतीला पुसला जातो, म्हणजे दिसला तो ठसा त्याच ओहोटीतला. हे कळल्यावर मुलं काठावरून नजर हटवत नाहीत. वरचा पाऊणचा हिशोब मात्र तिथे लावू नका, बंगालातल्या वेळा वेगळ्या.

बोट ठरवताना भाड्याआधी हे विचारा: जाकिटं सगळ्यांना पुरतील का, आणि त्यात मुलांच्या मापाचं आहे का? शौचालय कमोडचं आहे का? झोपायच्या खोलीत उतरायला शिडी आहे की पायऱ्या? अरुंद फाट्यात इंजिन बंद करणार का? डॉल्फिनचा पाठलाग करून दाखवतो म्हणणाऱ्याची बोट घेऊच नका. पाठलागाने ते दूर जातात, पिल्लं बरोबर असली तर त्यांना फार त्रास होतो. खरा जाणता तांडेल इंजिन थांबवून वाट बघतो.

आई-वडिलांसाठी एक महत्त्वाचं. पूर्ण ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि बोट खूप खाली जाते. म्हणून चढणं आणि उतरणं, दोन्ही धक्क्याला पुरेसं पाणी असताना होईल असं आदल्या संध्याकाळीच तांडेलाशी बोलून ठरवा. सकाळी लवकर निघून पाणी परत चढल्यावर उतरायचं म्हटलं तर डबा आणि पिण्याचं पाणी दुपारपर्यंत पुरेल इतकं घ्या.

आई-वडिलांच्या गुडघ्यांची स्थिती कळवलीत तर सुंदरबनात कुठल्या प्रकारची बोट घ्यावी ते सांगतो.