ओठ पुढे, आवाज मागे

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं दोन अंकी नाटक वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात झालं. ते मी मोबाइलवर शूट केलं. मंडळींकडे अजून डीव्हीडी प्लेअर आहेत, म्हणून डिस्क केली. पहिला प्रवेश जुळतो, पण पुढे पुढे माणूस बोलून मोकळा होतो आणि वाक्य मागाहून येतं. आवाज अर्धा सेकंद अलीकडे ओढून पाहिला, तर सुरुवातच बिघडली. फोनवर तीच फाइल नीट दिसते. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : सुरुवात बिघडली यातच निदान आहे. अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं असेल तरच आवाज ओढून भागतं. तुमचं वाढत चाललंय, म्हणजे चित्राची आणि आवाजाची लांबीच वेगळी पडली आहे.

नौपाड्यात बसून लोकांची लग्नं आणि नाटकं डिस्कवर उतरवताना हे दुखणं माझ्याकडे सारखं येतं. माझा संशय अंधारावर. प्रवेश बदलताना दिवे गेले की काही फोन सेकंदाला ३० फ्रेम्सवरून (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र) आपोआप २४ वर उतरतात, उजेड आला की परत चढतात. प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, म्हणून फोन चुकत नाही. काही जुनी ऑथरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे फाइलची डीव्हीडी बांधणारी, मात्र ती नोंद न वाचता सरसकट ३० धरतात. दहा सेकंदांच्या अंधारातल्या २४० फ्रेम्स मग आठ सेकंदांतच संपतात. चित्र दोन सेकंद पुढे, आवाज आपल्या जागी. तुमच्या डिस्कवर प्रत्येक काळोखानंतर अंतर वाढलंय का, ते बघाच.

खात्रीसाठी फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसलं की ऑथरिंगकडे वळायचंच नाही. आधी हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (कायम एकच) निवडून नवी फाइल काढा, आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेवा. डीव्हीडीला तोच चालतो, ४४.१ हा सीडीचा. फ्रेमरेट किती, यावर मतभेद आहेत. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स. पण ३० चे २५ करताना फ्रेम्स गळतात आणि हातवारे अडखळतात. मी अशा वेळी २९.९७ ठेवून एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीची, डिस्क करतो. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती वाजवतात, तरी मंडळातल्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर एक रीरायटेबल डिस्क लावून बघा.

अंतर अंधार-उजेड न बघता एकसारखं वाढत असतं, तर उत्तर वेगळं असतं. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक म्हणजे ३० आणि २९.९७ यांची गल्लत. तासाला सव्वादोन-अडीच मिनिटं म्हणजे २४ ची फिल्म २५ ने पळवली आणि आवाज तसाच ठेवला.

बर्न करण्याआधी तयार झालेलं व्हिडिओ-टीएस फोल्डर (डीव्हीडीवर जाणारं चित्र-आवाज त्यातच असतं) संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून थेट शेवटचा प्रवेश बघा. सुरुवात बघून समाधान मानणाऱ्यांच्या डिस्का परत येतात.

प्रश्न : नवा टीव्ही घेतल्यापासून विकतच्या डिस्कवरही आवाज किंचित आधी येतो. आवाज प्लेअरमधून थेट होम थिएटरला जोडला आहे. – एक वाचक, कळवा

उत्तर : डिस्क निर्दोष आहे. नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात आणि तुमचा आवाज टीव्हीला वळसा घालून आधीच पोचतो. नदीपलीकडे धुणं आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. त्यामुळे उशिराचा आवाज आपण चालवून घेतो, आधीचा खुपतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत हा फरक जाणवायची सीमा आवाज पुढे असताना ४५ मिलिसेकंद, मागे असताना १२५ दिली आहे. होम थिएटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ शोधा आणि ४०-४० मिलिसेकंदांनी, म्हणजे पालच्या एकेका फ्रेमने, वाढवत न्या. बातम्या लावून जुळवू नका, त्या टीव्हीच्या दुसऱ्या वाटेने येतात. डिस्कच लावा.