प्लॉट विकून पटकथा शिकवावी का?

प्रश्न: मी कोराडी वीज केंद्रात आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. मुलगी २६ वर्षांची, मिहानमधल्या आयटी कंपनीत, हातात ३८,००० येतात. तिला मुंबईच्या एका खासगी संस्थेत चित्रपट-टीव्हीच्या पटकथालेखनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करायचाय. फी १६ लाख. बेसा भागात माझा प्लॉट आहे, दलाल ३० लाखांचं गिऱ्हाईक आणतोय. मुलगी म्हणते, "बाबा, हा खर्च नाही, शिक्षण आहे." प्लॉट विकू की कर्ज काढू? (एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

उत्तर: भाऊ, हे शिक्षणही आहे आणि खर्चही. शिवाय आकडा १६ लाखांचा नाहीच. मुंबईत खोली वाटून घेतली तरी राहणं, खाणं, लोकल मिळून महिन्याला २५,००० धरा, म्हणजे दोन वर्षांचे ६ लाख. सुटलेला पगार ९ लाखांच्या वर. झाले ३१ लाख. अख्खा प्लॉट गेला, आणि विक्रीवरचा कर अजून धरलेलाच नाही.

कर्ज काढलं की प्लॉट वाचतो, असं वाटतं. पण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि ते म्हणजे तोच प्लॉट. १६ लाख चार टप्प्यांत उचलले, व्याज १०.५ टक्के धरलं आणि कोर्सनंतर वर्षभराची सवलत घेतली, तर हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज २० लाखांच्या घरात गेलेलं असेल. दहा वर्षांसाठी महिना २७,०००. सहकर्जदार तुम्ही, आणि तोवर तुम्ही घरी बसलेले. ईपीएस-९५ च्या, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतून मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनमध्ये हा हप्ता बसेल का? व्याजावर आठ वर्षांपर्यंत करात वजावट मिळते खरी, पण फक्त जुन्या करपद्धतीत, आणि तीही मुळात कर लागण्याइतकी कमाई असली तर.

माझी खरी अडचण मात्र हप्त्याच्या आकड्यापेक्षा कमाईच्या चालीशी आहे. चित्रपटाचं मानधन टप्प्याटप्प्यानं येतं. करारावर सही झाली की थोडं, कथेवर थोडं, मसुद्यावर थोडं, आणि उरलेलं बऱ्याचदा शूटिंग ठरल्यावर. ते ठरलंच नाही तर? मालिकेत एपिसोडमागे पैसे, तेही कथा, पटकथा, संवाद असे वेगवेगळ्या लेखकांत वाटलेले. बिल निघतं एपिसोड दाखवल्यावर दोन-तीन महिन्यांनी, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापून. माझ्या एका क्लायंटचा मुलगा मालिकांचे संवाद लिहितो. एखाद्या वर्षी माझ्याहून जास्त कमावतो. पण चालू मालिका चार महिन्यांत गुंडाळली, तेव्हा त्याच्या अंधेरीच्या खोलीचं भाडं धंतोलीतून बापानंच पाठवलं. असल्या कमाईवर दरमहा हप्ता लावणं म्हणजे कोरडवाहू शेतीवर महिन्याच्या महिन्याला वसुली लावणं.

कोर्स निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. रोज लिहावं लागतं, आणि सोबत शिकलेले दिग्दर्शक, संकलक पुढे कामाला बोलावतात. या धंद्यात पदवी कोणी विचारत नाही, लिहिलेली पानं मागतात. पण ती संगत पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत खासगीपेक्षा कितीतरी कमी फीत मिळते. तिथे पटकथेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सरकारी सत्यजित रे चित्रपट संस्थेत डिजिटल माध्यमांसाठीच्या लेखनाचा. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला परीक्षा देता येते. जागा मोजक्या, एका फटक्यात होईलच असं नाही. लागू द्या दोन वर्षं, पगार तर चालू आहे. आपल्याच गावात महेश एलकुंचवार कॉलेजात शिकवता शिकवता नाटकं लिहीत राहिले. अर्थात नाटक नागपुरातून लिहून होतं, मालिकेसाठी कधी ना कधी मुंबई गाठावीच लागते, हे मला मान्य आहे.

म्हणून यंदा तिनं नोकरी सोडू नये. दोन्ही परीक्षांची तयारी करावी. घरीच राहते, तेव्हा महिना १५,००० बाजूला पडायला हरकत नाही. दीड वर्षात २ लाख ७० हजार होतात. ते बँकेच्या आरडीत (आवर्ती ठेवीत) किंवा हवे तेव्हा काढता येणाऱ्या लिक्विड फंडात ठेवा, शेअर बाजारात नको. तेवढ्यात मुंबईचे दहा-अकरा महिने निघतात, प्रवेश मिळो न मिळो. मधल्या काळात रजा टाकून एफटीआयआयचा एखादा लघु अभ्यासक्रम करावा. एक पटकथा शेवटच्या पानापर्यंत लिहावी, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद होऊन ती नोंदवून ठेवावी. २८ व्या वर्षी उशीर होईल असं ती म्हणेल. इंजिनिअरला कदाचित होतो, लेखकाला नाही होत.

सरकारी संस्थेत निवड झाली, तर निवृत्तीच्या रकमेतून चार लाख द्या. त्यावर नको, आणि हा आकडा तिला आजच सांगा. खासगी संस्थेचा विचार मोठी शिष्यवृत्ती मिळाली तरच करायचा.

राहिला दलाल. अजून इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल, तर विक्रीपत्राची तारीख ठरवण्याआधी इसारपावती घेऊन माझ्याकडे या.