वेळ बदलू नकोस

पोरी,

परवा तुझी आई म्हणाली, "हल्ली सहालाच घरी येते, बरं झालं." विश्रामबागची तुझी अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते. मग रोजचे चार तास कुणाला देऊन टाकलेस?

फोनवर तू सांगितलंस, तुझ्या मागावर असलेला तो माणूस बोलत काहीच नाही, नुसती गाडी मागे मागे आणतो. आणि घरी कळलं तर अभ्यासच बंद होईल. ते मला पुरतं कळतं. पण जीन्स घालायची सोडलीस म्हणालीस, त्याचा मात्र राग आला. कपडे बदललेस, वेळ बदललीस, त्यानं काय बदललं?

१९८६ साली मी सांगलीत संध्याकाळच्या वर्गाला कायदा शिकत होते. स्टँडपासून गावभागातल्या खोलीपर्यंत एक जण सायकलवरून मागे यायचा. आधी मी रस्ता बदलला. मग शेवटचा तास सोडून निघू लागले. पुढे तास बुडतातच तर परीक्षा कशाला, असं स्वतःलाच पटवलं. एकेक तास कमी करत घरी येऊन बसले. नंतर तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, वकिलांचे कागद लावले. त्यावर दोन मुलं शिकली, त्याची लाज नाही मला. तेव्हा पाठलागाला वेगळं कलमही नव्हतं, सांगणार तरी काय? पण मी कुणाला सांगूनच पाहिलं नाही, हेही खरं.

तुझ्यापाशी कलम आहे. २०१३ साली आलं, आता भारतीय न्याय संहितेत ७८ वं: पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, आणि ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. त्यासाठी वही कर. तारीख, वेळ, चौक, गाडीचा नंबर. घरी "भीती वाटते" एवढंच सांगितलंस तर तुला घरात ठेवतील. वही पुढे ठेवलीस तर बाबांनाही ठाण्याची वाट धरावी लागेल.

सावित्रीबाई आपल्या शेजारच्याच, साताऱ्याकडच्या नायगावच्या. पुण्यात शाळेला जाताना अंगावर शेण पडायचं, म्हणून जादा लुगडं न्यायच्या. लुगडं बदललं, शाळेची वेळ नाही. तूही वेळ बदलू नकोस. दहा म्हणजे दहा.

सोमवारी रात्री दहाला मी अभ्यासिकेच्या दारात उभी असेन. आईनं विचारलं तर माझं नाव सांग. येताना वही आण.

तुझी,
काकू