एबीआय १.४५ आला, म्हणजे पायाचा रक्तपुरवठा चांगला?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, २० वर्षांपासून मधुमेह. थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की जातो. त्या पायाचा एबीआय १.४५ आला. एकच्या वर म्हणजे उत्तम, असं शेजारी म्हणतात. मग दुखतं का? घट्ट मोजे घालू द्यावेत का?

उत्तर : या आकड्यावर निर्धास्त राहू नका. एबीआय म्हणजे घोट्याजवळचा वरचा रक्तदाब भागिले दंडातला वरचा रक्तदाब. दंडात १४० आणि घोट्याला ९८ असेल, तर ०.७०. साधारण १.०० ते १.४० ठीक, ०.९० किंवा कमी असेल तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. पण जुन्या मधुमेहात (आणि मूत्रपिंडाच्या विकारातही) धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते. बीपीचा पट्टा आवळला तरी ती दबत नाही, आणि आकडा फुगून येतो. आत अडथळा असला तरी तो अशा आकड्यामागे लपतो.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठा भागिले दंड ०.७० किंवा कमी आलं, तर रक्त कमी पोचतंय. ही तपासणी आणि कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) यांबद्दल डॉक्टरांना विचारा. चिठ्ठीवर 'आर्टेरियल' (धमन्यांचा) लिहिलंय ना, हे बघा. 'व्हीनस' डॉपलर शिरांचा असतो, त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

लक्षणंही धमनीकडेच बोट दाखवतात. मणक्यामुळे दुखत असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. शिरांच्या त्रासात संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो आणि उशीवर ठेवला की बरं वाटतं.

मोजे तूर्त नकोतच. ते शिरांसाठी असतात. धमनी अडलेल्या पायाला आवळले तर कातडी काळी पडून जखम होऊ शकते. गरम पाण्याचा शेकही नको, बधिर पावलाला भाजलेलं कळत नाही. विडी, सिगारेट, तंबाखू असेल तर आजच बंद. पावलाला जखम झाली तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. रात्री पाऊल दुखून पाय पलंगाखाली सोडावा लागत असेल, तर तपासणी लांबवू नका. पाय अचानक गार, पांढराफटक, बधिर पडला तर हातात काही तासच असतात. रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.

प्रश्न : एबीआय घरच्या बीपी यंत्रावर काढता येईल?

उत्तर : नको. पायातला प्रवाह मंद असला की ते यंत्र चुकतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. दवाखान्यात ५ ते १० मिनिटं उताणं झोपवून पेनाएवढ्या डॉपलरनं नाडीचा आवाज ऐकतात. आवाज बंद झाल्यावर पट्टा आणखी २० मिमी फुगवून हवा हळूहळू सोडतात. आवाज परत येतो तो आकडा. दोन्ही दंड मोजून जास्तीचा धरायचा. पायालाही पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या बघायच्या. काहींची पावलावरची नाडी जन्मतःच हाताला लागत नाही, घोट्यामागची मात्र सहसा लागायलाच हवी.