मार्टिन हेझचं आयरिश फिडल इतकं संथ का वाटतं?

कारण तो मुद्दाम लय खाली ठेवतो. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाद्य तेच, वाजवण्याची परंपरा वेगळी. हेझचा जन्म १९६२चा, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या पूर्व भागातला. वडील पी. जे. हेझ हे टुल्ला केली बँडचे म्होरके; ‘केली’ म्हणजे आयरिश लोकनृत्याचा मेळा. म्हणजे घरात नाचाचं संगीत आधीपासूनच. अखिल आयर्लंड स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली. पुढे शिकागोला गेला, तिथे गिटारवादक डेनिस काहिल भेटला आणि दोघांनी सुरुवातीला चक्क रॉककडे झुकणारा बँड काढला!

रील ही मुळात नाचाची, पळती धून. हेझ ती इतकी सावकाश धरतो की एकेका सुरावरची मींड, गजाचा हलका दाब नीट ऐकू येतो. मग एका धुनेतून दुसरीत शिरत हळूहळू वेग वाढवतो. काहिल मागे मोजकेच स्वर टाकायचा, मला तर तेच जास्त आवडतं. दोघांच्या १९९९च्या ‘लाइव्ह इन सिॲटल’ या अल्बममध्ये अशी एक धुनांची मालिका जवळपास अर्धा तास चालते. सुरुवात तिथूनच करा, पण हेडफोन लावून.