पूर येण्याआधी घराची नोंद

२०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. पंचनाम्याच्या वेळी काय काय गेलं ते सांगताच येईना. यंदा पावसाळ्याआधी सामानाची यादी करायची आहे. कशी करावी? – एक वाचक, सांगली

वही घेऊन बसू नका. दुसऱ्या खोलीपर्यंत कंटाळा येतो आणि यादी तिथेच राहते. मोबाइलवर व्हिडिओ काढा, एका खोलीचा एक. दारातून सुरुवात करून भिंतीभिंतीने फिरत परत दाराशी या. कपाटं, खण, ओट्याखालचे कप्पे उघडून दाखवा. बंद कपाट दाखवलं तर पुरावा फक्त कपाटाचा होतो, आतल्या साड्यांचा नाही. दाखवताना तोंडाने बोलत जा: "फ्रिज, २०२२ साली घेतला, अठ्ठावीस हजारांना." दोन खोल्यांच्या घराला अर्धा तास पुरतो.

मग विजेच्या वस्तूंच्या स्टिकरचे जवळून फोटो घ्या. मॉडेल आणि सिरियल नंबर स्पष्ट वाचता आले पाहिजेत. फ्रिजचा स्टिकर बहुधा आतल्या भिंतीवर भाजीच्या खणाजवळ असतो, टीव्हीचा पाठीमागे, मिक्सरचा बुडाला, वॉशिंग मशीनचा मागे किंवा दाराच्या कडेला. मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, स्टार-हॅश-०६-हॅश डायल केलं की दिसतो. तांब्या-पितळेची भांडी नगावर मोजू नका, वजनकाट्यावर ठेवून फोटो काढा. हमखास सुटतात त्या वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, गाद्या आणि माळ्यावरचं सगळं.

बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती. काढून पाहिली तर कोरी! असं का झालं? – एक वाचक, चिपळूण

ती थर्मल कागदावरची बिलं. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. पीव्हीसीच्या पिशवीतले प्लास्टिक मऊ ठेवणारे घटक त्या लेपात उतरतात आणि अक्षरं उडतात. फार उष्णता लागली तर उलट सगळा कागद काळा पडतो. त्यामुळे असं बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढा आणि झेरॉक्स करा. झेरॉक्स टिकते. बिल गेलंच असेल तर मोठ्या वस्तूंसाठी बँकेच्या स्टेटमेंटमधली त्या तारखेची नोंद किंवा दुकानाने पाठवलेला मेल शोधा. रोखीने घेतलेल्या वस्तूंना हा मार्ग नाही.

जाता जाता, मूळ दाखले लॅमिनेट करू नका. कडेने पाणी आत शिरलं की कागद आतल्या आत कुजतो आणि वाळवताही येत नाही. साधा भिजलेला कागद मात्र पंख्याखाली सपाट ठेवून वाचवता येतो. चिकटलेली पानं ओली असताना ओढू नका. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि थोडी थोडी पानं काढून वाळवायला वेळ मिळतो.

माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे. एवढं पुरे ना? – एक वाचक, पुणे

फोन पाण्यात गेला तर? सिमही त्यातच. नव्या फोनवर पासवर्ड टाकला की ओटीपी मागतात आणि तो येतो बुडालेल्या नंबरवर. नेमकं इथेच घोडं अडतं. गूगलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, आठ अंकी, दहा. ते छापून परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा. फोटो आणि व्हिडिओ भरलेला एक पेनड्राइव्हही तिकडेच द्या आणि वर्षातून एकदा उघडून पाहा, कारण नुसता पडून राहिलेला पेनड्राइव्ह दगा देतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं हा बॅकअप नव्हे. तिथे फोटो दाबून लहान होतात आणि स्टिकरवरचे आकडे फुटतात.

कागदपत्रं ठेवायच्या सरकारी डिजिलॉकर ॲपमधली एक गल्लत सर्रास होते. 'इश्यूड' विभागात खात्याकडून थेट आलेलं आधार, लायसन्स किंवा मार्कशीट कायद्याने मूळ प्रतीइतकंच ग्राह्य असतं. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र नुसती प्रत. खरेदीखत हरवलं तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते, पण दस्त क्रमांक आणि वर्ष ठाऊक असेल तर काम लवकर होतं. तेवढं तरी टिपून ठेवा.

घराचा विमा आहे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. मग चिंता कशाला? – एक वाचक, कोल्हापूर

'भारत गृह रक्षा' पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरलं जातं. त्यासाठी आधी वस्तूवार यादी द्यावी लागत नाही. दाव्याच्या वेळी मात्र काय होतं ते दाखवावं लागतं आणि तिथे वरचा व्हिडिओ कामी येतो. दागिने या सामानात येत नाहीत, त्यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

लॉकरबद्दलचा समज चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. पूर-भूकंपात, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, काहीच नाही. शाखा नदीकाठी असेल तर लॉकर कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा. प्रत्येक दागिना काट्यावर ठेवून फोटो काढा आणि सोन्याच्या नव्या दागिन्यांवरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा अक्षरं-आकड्यांचा सहा चिन्हांचा ओळख क्रमांक, भिंगातून वाचून लिहून ठेवा.

आणि पाणी ओसरलं की लगेच झाडू हातात घेऊ नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजायची टेप लावून फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा. कुजलेल्या गाद्या टाकायच्याच असतील तर कंपनीची परवानगी मेलवर लेखी घ्या.